चार पिशव्या काळी वाळू

कोस्की रोड, कीविनॉ, मिशिगन
२ डिसेंबर २००१

आर्नी,

'प्रिय' लिहावं की नको यातच कॉफी गार झाली, म्हणून नुसतं नाव लिहिते. नाताळच्या कार्डावर आपण भाऊबहीण दरवर्षी जे दोन ओळींचं हवापाणी लिहितो, ते या खेपेला पुरणार नाही.

बाबांचं हृदय थकलंय. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, उन्हाळा बघतील असं वाटत नाही. बाबांना मी हे सांगितलेलं नाही, पण त्यांना कळलंय. परवा त्यांनी बर्फाचं फावडं आपणहून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "घे, तुझी बढती झाली." त्यांनी ते फावडं कधी कुणाला दिल्याचं तुला आठवतं का? मी अंगणात गेले आणि फावड्याला टेकून रडले.

म्हणून लिहिते. ये. ते जायच्या आधी ये.

ते तुझं नाव घेत नाहीत हे तुला नवीन नाही. पण तुझी गाडी अजून घरी आहे, हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. भंगारात दिली असं तू धरून चालला असशील. दोन हिवाळे कोठारात खपून बाबांनी ती उभी केली. अपघाताच्या वेळी आपली तायमी बसली होती त्या बाजूचं दार दुसऱ्या कुठल्या गाडीचं आहे, राखाडी. बाकी सगळी तीच हिरवी. ते आठ सिलिंडरांचं धूड सुरू झालं की आपल्या स्वयंपाकघरातल्या बशा अजून वाजतात.

दरवर्षी हेइक्कीच्या दिवशी, एकोणीस जानेवारीला, जेव्हा अस्वल कूस बदलतं आणि निम्मा हिवाळा सरतो म्हणतात, त्या दिवशी बाबा तिला बाहेर काढतात. मागच्या चाकांच्या बरोब्बर वर, डिकीत, चाकांवर वजन पडावं म्हणून खाणीच्या काळ्या वाळूच्या चार पिशव्या ठेवतात. टाकी काठोकाठ भरतात. मग टेकडी उतरून, तुझी गाडी सुटली त्याच मेपलच्या वळणावरून, पस्तीस मैलांच्या वेगाने गाडी नेतात आणि परत आणतात. टोपी खुंटीला लावतात आणि एवढंच म्हणतात, "सुटत नाही." मग जेवायला बसतात. आई होती तोवर ती त्या दिवशी ताटाला हात लावायची नाही.

तुला कळलं असेल ते काय करतात. अपघाताच्या दिवशी पहाटे तो रस्ता काउंटीच्या बर्फ काढायच्या ट्रकने त्यांनीच साफ केला होता, वाळूही त्यांनीच टाकली होती. तीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही. रस्त्यात खोट नव्हती, हे त्यांना दरवर्षी पुन्हा बघावं लागतं. गाडीतही नव्हती. मग राहिली ती रिकामी डिकी. तू शपथेवर सांगितलंस की नोव्हेंबरपासून चारही पिशव्या आत होत्या. त्यांचं म्हणणं, तू आदल्या दिवशी तळ्याच्या बर्फावर गाडी गरागरा फिरवायला पिशव्या काढून ठेवल्यास, परत भरायला विसरलास, आणि बहिणीच्या शवपेटीसमोर उभा राहून खोटं बोललास. "पोरगी गेली ते देवाकडे," असं ते पाद्रींना म्हणाले होते, "पण खोटं त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं."

मी काही बोलत नाही. तेव्हाही बोलले नव्हते.

ये, आर्नी. तुझी खोली मी उबदार ठेवीन.

व्हर्ना


२८ डिसेंबर २००१

आर्नी,

तुझं पत्र मिळालं. बाबांनी स्वतः बोलावलं तर येशील, नाहीतर नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही असंच लिहिलं असतं, फक्त इतकं सभ्यपणे नाही.

आईच्या वेळी तू आलास, चर्चमध्ये सगळ्यात मागच्या बाकावर बसलास आणि कॉफीला न थांबता गेलास, ते मला दिसलं होतं. हिल्यामावशी पेला हातात घेऊन तुला शोधत होती.

पण तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य डोक्यातून जात नाही. तू लिहिलंयस, "खरं सांगू का व्हर्ना, आता मलाच आठवत नाही. काढल्याही असतील मी. सोळा वर्षं स्वतःला तोच प्रश्न विचारला की उत्तर बदलायला लागतं." ते पत्र मी पिठाच्या डब्यामागे ठेवलं आणि दिवसभरात तीनदा काढून वाचलं.

तू काढल्या नव्हत्यास. तिकडे टक्सनला, त्या बसच्या कारखान्यात, तुझ्या हत्यारांच्या पेटीवर हे लिहून ठेव. मला कसं माहीत ते अजून विचारू नकोस.

बाबा दुपारी खिडकीशी बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बर्फाच्या ट्रकला नावं ठेवतात. "बघ, पातं वर उचलून चाललाय. रस्ता साफ करतोय की रस्त्याची हजामत करतोय?" मग दम लागतो. काल मला म्हणाले, "या वर्षी गाडी तू चालव. मी बाजूला बसेन."

मी म्हटलं, "बाबा, ती गाडी माझं ऐकत नाही."

"गाडी कुणाचंच ऐकत नाही. तिला फसवावं लागतं."

फेब्रुवारीत ते आपल्याला तळ्यावर न्यायचे ते आठवतं ना? बाजूला थर्मास घेऊन बसायचे. "मागची चाकं ढकलणारी गाडी आहे, घोडा पुढे नाही, मागे आहे. दुसऱ्या गिअरमध्ये उचल. पायाखाली अंडं आहे समज. शेपूट जिकडे पळेल तिकडे तोंड फिरव, आणि ब्रेकला पाय लावणाऱ्याने घरी चालत जायचं." मी दोनदा चालत घरी आले. तू बारा वर्षांचा होतास, उशीवर बसायचास, आणि पहिल्याच खेपेला गाडी आडवी धरून अख्खं तळं फिरवलंस. बाबांच्या थर्मासचं झाकण खाली पडलं होतं. गाडी घसरायला लागली की तायमी गाणं म्हणायची. भीतीने म्हणायची की मजेने, ते आपल्याला कधीच कळलं नाही.

मी त्यांना हो म्हटलंय.

व्हर्ना


११ जानेवारी २००२

आर्नी,

हे पत्र तीनदा लिहून चुलीत टाकलंय. चौथ्यांदा लिहिते आणि लगेच टपालपेटीत टाकते.

पिशव्या मी काढल्या होत्या.

त्या दिवशी चर्चनंतर आईकडे बायका कॉफीला येणार होत्या. आदल्या दिवशी पाऊस पडून गोठला होता, पायऱ्या काचेसारख्या झाल्या होत्या. मागच्याच वर्षी हिल्यामावशीचं कंबरेचं हाड मोडलं होतं, ते चर्चच्या पायरीवर. आई म्हणाली, "व्हर्ना, वाळू टाक, नाहीतर आज कॉफी राहील बाजूला आणि सगळ्या दवाखान्यात." मी कोठारामागच्या पिंपाकडे गेले. वाळू भिजून गोठली होती, दगड झाली होती. पहारीने टिचभर निघाली. तुझी गाडी पायऱ्यांना लागून उभी होती, इंजिन गरम ठेवायची वायर लावलेली. डिकीतली वाळू कोरडी होती. तू ती शेकोटीशी वाळवून भरायचास, त्यात तुझा हात कुणी धरला नसता.

एक पिशवी पायऱ्यांना लागेल असं वाटलं. मग अंगणातली वाट, मग फाटकापर्यंत, जिथे म्हाताऱ्या गाडीतून उतरतात. चारही गेल्या. संध्याकाळी भरून ठेवू म्हटलं. मग वाफेच्या अंघोळीसाठी सॉना तापवायला मागे गेले. आईने तुला आणि तायमीला टेकडीपलीकडून हिल्यामावशीला आणायला पाठवलं, ते मला कळलंच नाही. गाडी गेल्याचंही ऐकू आलं नाही. मी सांगायला विसरले, आर्नी. एवढंच.

रात्री तुम्ही सगळे दवाखान्यात होता तेव्हा मी ती चार रिकामी पोती सॉनाच्या चुलीत घातली. तायमी गेल्याचा फोन तोवर आला होता. बाबा दुसऱ्या दिवशी डिकी उघडून बघतील हे मला ठाऊक होतं, आणि तरीही घातली. नंतर सांगू म्हटलं. दफन होऊ दे म्हटलं, मग बाबांचा राग उतरू दे म्हटलं. तू जाताना बॅग घेऊन दारात उभा होतास, तेव्हा तोंड उघडलं होतं मी. तू म्हणालास, "तू तरी सांग त्यांना, व्हर्ना, मी खोटं बोलत नाही." मी म्हटलं, "वाटेत खायला वेलचीचा पाव ठेवलाय." त्या पावाला मी सोळा वर्षं शिव्या घातल्यात.

एप्रिलमध्ये बर्फ वितळला आणि पायऱ्यांवर ती काळी वाळू उघडी पडली. कुणाला काय वाटणार? इथे प्रत्येक घराच्या पायऱ्यांवर खाणीची काळी वाळू असते. बाबा तीच तुडवत घरात यायचे. मी ती झाडून झाडून संपवली.

हेइक्कीच्या दिवसाच्या आत बाबांना सांगणार आहे. ते तुला बोलावतील की नाही माहीत नाही. पण तू खरा होतास हे त्यांनी मरायच्या आधी ऐकलं पाहिजे.

व्हर्ना


२० जानेवारी २००२

आर्नी,

तुझं उत्तर नाही. असू दे. मी मागितलंही नव्हतं.

आठ दिवस मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला. 'वाळू' म्हटलं की ते टीव्हीचा आवाज वाढवतात. गुरुवारी मी टीव्हीसमोर जाऊन उभी राहिले. म्हणाले, "तू काचेची नाहीस. बाजूला हो." मी बाजूला झाले. तोंडाने बोलणं आपल्या घरात कुणाला जमलंय?

काल सकाळी त्यांनी मला चार पिशव्या भरायला सांगितल्या. मी भरल्या, डिकीत ठेवल्या. ते उभे राहून बघत होते, काठीने एक पिशवी दोन बोटं पुढे सरकवायला लावली. मग ते कोट घालायला आत गेले, आणि मी चारही बाहेर काढून कोठाराच्या दारामागे टाकल्या. माझ्या हातांना ते काम पाठ होतं.

बाहेर रात्रीचा चार बोटं ताजा बर्फ होता, खाली जुना गोठलेला. त्या दिवशीसारखाच. ते राखाडी दार उघडून बसले, पायांवर घोंगडी घेतली. मी दुसऱ्यात उचलली. फाटकापर्यंत गाडी ठीक चालली. टेकडीच्या माथ्यावर म्हणाले, "शाळेच्या स्वयंपाकघरात पातेल्यात डाव फिरवतेस तसं स्टिअरिंग फिरवू नकोस. दोन बोटं पुरतात. पस्तीस धर."

मी पंचविसाच्या वर गेले नाही. त्यांचा जीव माझ्या हातात होता, एवढी अक्कल होती मला.

वळण यायच्या आधीच मागची चाकं सैल झाली. मी नुसता पाय थोडा उचलला, आर्नी, आणि तिची शेपूट उजवीकडे निघाली. मी ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावला नाही. तोंड उजवीकडे फिरवलं, ते म्हणायचे तसं. ती एकदा सावरली आणि लगेच दुसऱ्या बाजूला सुटली, त्या बाजूला मला ती धरता आली नाही. मेपल समोरून गेलं. आम्ही डावीकडच्या बर्फाच्या ढिगात मागच्या बाजूने जाऊन बसलो, इतके हळू की घोंगडीसुद्धा सरकली नाही. इंजिन बंद पडलं.

बाबा वेगाच्या काट्याकडे बघत होते. म्हणाले, "पंचवीसच होती."

"हो."

"मग?"

"डिकी रिकामी आहे, बाबा."

"मी बघितलं होतं. चार होत्या."

"तुम्ही कोट घालायला गेलात तेव्हा मी काढल्या." मग मी म्हटलं, "त्या वेळीही मीच काढल्या होत्या."

ते माझ्याकडे वळले नाहीत. काच धुक्याने भरत होती, ती त्यांनी हातमोज्याने पुसली. मग म्हणाले, "चारही?"

"चारही. पायऱ्यांवर टाकल्या. पिंपातली गोठली होती."

"पायऱ्यांवर वाळू टाकावीच लागते," ते म्हणाले. मला वाटलं ते ओरडतील. ते रस्त्याच्या कामाबद्दल बोलतात तसंच बोलत होते. "टाकावीच लागते. आणि मग त्याला सांगायला विसरलीस."

मी म्हटलं, "हो."

मग त्यांनी ते राखाडी दार उघडायचा प्रयत्न केला. बर्फामुळे उघडलं नाही. ते खांद्याने ढकलत राहिले आणि मी त्यांचा दंड धरून बसले. काउंटीचा ट्रक आला, साखळी लावून त्याने आम्हाला बाहेर ओढलं. ड्रायव्हरने बाबांना ओळखलं. हसून म्हणाला, "काय ऑन्नी, तुमच्या रस्त्यावर तुम्हीच घसरलात?" बाबा म्हणाले, "मी नाही घसरलो. मी इतकी वर्षं कधीच घसरलो नाही, तीच तर चूक झाली." त्याला काही कळलं नाही. तो टोपीला हात लावून गेला.

घरी आल्यापासून ते बोललेले नाहीत. जेवलेही नाहीत.

व्हर्ना


२५ जानेवारी २००२

आर्नी,

तू येत्या नाही, पुढच्या शनिवारी येतोयस. हे पत्र त्याच्या आत तुझ्या हातात पडावं म्हणून मी गावातल्या टपालात जाऊन देणार आहे.

बुधवारी बाबा उठले, चष्मा लावला आणि नाताळच्या कार्डामागचा तुझा नंबर शोधून काढला. मी स्वयंपाकघरात होते. ते म्हणाले, "आर्नी. मी बोलतोय, बाबा. तू खरं बोलत होतास." मग त्यांना पुढे बोलता येईना. मी आत गेले तर फोन छातीशी धरून रडत होते. बाबा, आर्नी. आईच्या वेळी ज्यांनी डोळे पुसले नव्हते ते. तुझा आवाज फोनमधून त्यांच्या सदऱ्याला लागून येत होता, "बाबा, बाबा," असा, आणि ते फोन कानाला लावायचं विसरले होते.

मग फोन माझ्याकडे आला. तू म्हणालास, "व्हर्ना, तू माणूस आहेस. माणूस विसरतं. मला राग नाही." बाबाही काल रात्री तेच म्हणाले. मी त्यांच्या पायांना गरम पाण्याची पिशवी लावत होते. माझ्या डोक्यावर हात ठेवला त्यांनी, जो त्यांनी आपल्यापैकी कुणाच्याच डोक्यावर कधी ठेवला नव्हता. म्हणाले, "विसरायला काय, मीही एकदा पातं खाली घ्यायला विसरलो होतो आणि दहा मैल तसाच गेलो."

तुम्ही दोघांनी मला माफ केलंत. घरात आता इतकं हलकं वाटतंय की बाबांनी सकाळी दोन अंडी खाल्ली आणि तुझ्या खोलीतला हीटर नीट चालतो का ते स्वतः जाऊन बघितलं. त्यांना मी यापुढे काही सांगणार नाही. त्यांच्याकडे आता थोडे दिवस आहेत आणि ते त्यांना असेच मिळू दे. पण तू माझ्या शेजारी बसून कॉफी पिणार, माझ्या हातचं खाणार. तू ज्याची माफी दिलीस ते मी केलेलंच नाही. मी विसरले नव्हते.

त्या दिवशी सकाळी नाश्त्याला तू काय म्हणालास ते तुला आठवत नसेल. मी विचारलं होतं, दुपारी गाडी दे, मीच जाऊन हिल्यामावशीला आणते. तू म्हणालास, "व्हर्नाला नको देऊ गं आई. ती बर्फाच्या ढिगात रुतून बसेल आणि थेट मे महिन्यात उगवेल. तिचं लग्नही तसंच रुतलंय." बाबा हसले. आई हसली आणि तोंडावर हात ठेवला. तायमी इतकी हसली की तिला ठसका लागला. मी सत्तावीस वर्षांची होते. मीही हसले.

मी सॉनात नव्हते. ते तुला खोटं लिहिलं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी होते, कोपरापर्यंत पीठ. तू वायर काढून गुंडाळलीस. तायमीने आईची निळी टोपी घातली होती, ती काचेत बघून नीट करत होती. मला डिकी दिसत होती. ती रिकामी आहे हे मला त्या क्षणी माझ्या नावासारखं ठाऊक होतं. खिडकीची कडी एका बोटाने उघडते. हाक मारली असती तर तू नक्की चार बायकांसमोर बोंब मारली असतीस, व्हर्नाने माझी गाडी लुटली म्हणून. आणि मला वाटलं, जाऊ दे. एकदा चांगली घसरू दे त्याची. रुतू दे ढिगात, येऊ दे चालत घरी. जिरेल.

याच्यापलीकडे मला काही वाटलं नव्हतं. तायमीबद्दल काही वाटलंच नाही. ती गाडीत आहे हे मी बघत होते आणि ते माझ्या लक्षात नव्हतं.

तू गाडी काढलीस. फाटकातून वळताना शेपूट एकदा जोरात हलली आणि तू ती सावरलीस. तायमीने दोन्ही हात वर केलेले मला मागच्या काचेतून दिसले. ती गात असणार.

मला हसू आलं, आर्नी.

व्हर्ना